घराला धूर लागतो

मार्चचा दुसरा रविवार गेला, की आमचे निघायचे दिवस सुरू होतात. त्या रात्री तिकडं कॅनडात घड्याळं तासभर पुढं सरकवतात. इथं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, आमच्या गावात त्यानं काही बदलत नाही, पण किचनरहून येणाऱ्या मुलाच्या फोनची वेळ बदलते. रात्री आठला जेवण आटपून तो फोन करतो. हिवाळाभर हा फोन इथं सकाळी साडेसहाला, चहा उकळत असताना वाजतो. मार्चच्या त्या रविवारनंतर तो साडेपाचला वाजू लागतो. अंधारात चाचपडत फोन शोधायचा, आणि पलीकडून पहिला प्रश्न, "आई, बॅगा भरायला घेतल्या का?"

आता बॅगा भरून झाल्यात. परवा पहाटे निघायचंय. हे झोपलेत आणि मी सोप्यात बसून लिहितेय. मागच्या पंधरा दिवसांत या घराबद्दल जेवढा विचार केला, तेवढा लग्न होऊन इथं आले तेव्हासुद्धा केला नव्हता.

आम्ही दोघं किचनरला राहतो, टोरंटोपासून शंभरेक किलोमीटरवर. हे १९८७ साली बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीतली नोकरी सोडून गेले, पुढच्या वर्षी मी गेले. मी बावीस वर्षं तिथल्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम केलं. दोघंही निवृत्त झाल्यावर २०१६ पासून हिवाळ्यात इकडं यायला लागलो. पहिल्याच वर्षी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उतरलो, तेव्हा जवळ जपून ठेवलेल्या पाचशे-हजाराच्या नोटा चार दिवसांपूर्वीच बंद झाल्या होत्या. महिनाभर गावच्या दुकानदारानं वहीवर लिहून सामान दिलं.

थंडीत ऊब शोधत दक्षिणेला जाणाऱ्यांना तिकडं 'स्नोबर्ड' म्हणतात. आमच्या रस्त्यावरची तीन घरं हिवाळ्यात फ्लोरिडाला जातात, गाडी चालवत. आम्ही खानापूरला येतो, फरक एवढाच. बाकी हिशेब सगळ्यांचे सारखे. ऑन्टारियोचा सरकारी आरोग्य विमा टिकवायचा तर कुठल्याही १२ महिन्यांत किमान १५३ दिवस त्या प्रांतात असावं लागतं. आम्ही दीडशेच्या आसपासच दिवस बाहेर असतो, म्हणजे नियमात भरपूर मोकळीक आहे. तरी हे एका वहीत दिवस मोजून ठेवतात. वहीच्या डाव्या पानावर तिकडचे दिवस, उजव्या पानावर इकडचे.

पण मला लिहायचंय ते घर बंद करण्याबद्दल. वर्षातून दोनदा दोन घरं बंद करायची, हे आता अंगवळणी पडलंय. किचनरचं घर सोडताना भीती असते ती पाणी गोठण्याची. नळाच्या पाइपात पाणी राहिलं आणि घर गार पडलं, तर पाणी गोठून फुगतं आणि पाइप फोडतं, आणि बर्फ वितळल्यावर घरभर पाणी. म्हणून मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा, सगळे नळ उघडून पाइप रिकामे करायचे, हीटर कमी करायचा पण बंद करायचा नाही. आमचा पोर्तुगीज शेजारी दर तीन दिवसांनी आत जाऊन बघतो आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सही करतो. घर बराच काळ रिकामं असलं तर कुणी नियमित बघतं का, हे विमावाले विचारतात.

इथलं घर सोडतानाही भीती पाण्याचीच, पण ते वरून येणारं. आमचं गाव जांबोटीच्या बाजूला. त्याच्याही पुढं, कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. त्या पट्ट्यातला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना काय सांगायचं! जूनमध्ये एकदा धरला की गणपतीपर्यंत सोडत नाही. कपडे वाळत नाहीत, मीठ पाणी सोडतं, भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. आणि आम्ही वर्षानुवर्षं नेमके त्याच्या आधी निघून जातो. या घराच्या पावसाची तयारी मी दरवर्षी करते, पाऊस मात्र बघत नाही.

एकदाच बघितला. २०२० साली मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि आम्ही इथंच अडकलो, ते थेट ऑगस्टअखेरपर्यंत. लोक त्या दिवसांबद्दल बोलतात तेव्हा भीती, आजार, बंद रस्ते आठवतात. मलाही आठवतात. पण मला त्याबरोबर आषाढातल्या दुपारी माजघरात भरलेला धूर आठवतो.

तो धूर कशासाठी, ते सांगायचं तर थोडं मागं जायला हवं. २०१७ सालच्या पावसात घर पूर्ण बंद होतं. आम्ही नोव्हेंबरात येऊन कुलूप काढलं तर आत असा वास होता की मी उंबऱ्यावरच थांबले. देव्हाऱ्यातल्या तसबिरींच्या काचेआड पांढरी बुरशी. गाद्या टाकूनच द्याव्या लागल्या. आणि ह्यांनी स्वयंपाकघरावरच्या एका वाशाला अंगठा दाबून बघितला तर अंगठा आत गेला. किंजळीचा वासा, सासऱ्यांच्या वडिलांनी घातलेला! साठ-सत्तर वर्षं काही झालं नव्हतं, आणि एका पावसात भुसा.

शेजारची अक्का बघायला आली. वर बघत म्हणाली, "घराला धूर न्हाई गे मिळाला."

मला तेव्हा ते जुन्या बायकांचं बोलणं वाटलं. पण अक्कानं मला हाताला धरून तिच्या घरी नेलं आणि तिच्या चुलीवरचं छप्पर दाखवलं. आढं, वासे, रिपा, सगळं काळं कुळकुळीत, डांबर फासल्यासारखं. ती काजळी म्हणजेच लाकडाचं कवच. धुरानं लाकूड सुकं राहतं, आणि काजळी धरलेल्या लाकडाला किडा आणि वाळवी सहसा तोंड लावत नाही. कौलांच्या फटींतून धूर हळूहळू बाहेर जातो, जाताना ओल घेऊन जातो. चुलीवरच्या माळ्यावर सासूबाई बियाणं, चिंच, आमसुलं, कांद्याच्या माळा का ठेवायच्या ते मला त्या दिवशी कळलं. आमच्या घरात चूल होती तोवर घर टिकलं. गॅस आला तरी सासूबाई आंघोळीचं पाणी चुलीवर तापवायच्या. त्या गेल्या, आम्ही कुलूप लावलं, आणि पहिल्यांदाच या घरानं धुराशिवाय पावसाळा काढला.

पुढच्या वर्षीपासून अक्का पावसाळाभर आठवड्यातून दोनदा आमच्या घरात चूल पेटवू लागली. कुलूप काढायचं, खिडक्या उघडायच्या, तासदीड तास चूल धगधगू द्यायची, तोवर सोप्यात बसून काही निवडायचं, सोलायचं. पैसे देऊ केले तर रागावली. शेवटी ठरलं ते असं, की परड्यातल्या चार काजूच्या झाडांचं पीक तिचं, आणि पडलेलं वाळकं जळणही तिचं.

२०१९ च्या ऑगस्टात बेळगाव जिल्ह्यात महापूर आला, तेव्हा आमची मागची मातीची भिंत खचली. अक्काच्या नातीनं व्हिडिओ पाठवला. किचनरच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी तो पुन्हा पुन्हा बघत होते. भिंत आडवी झालेली, आणि वर छप्पर मात्र जागच्या जागी. तोवर धुराचा तो दुसराच पावसाळा होता, पण नवा वासा आणि जुने वासे, सगळे टिकले होते.

या वर्षी पाडव्याला अक्का कडुनिंबाची पानं घेऊन आली. गुढीला हात जोडले, जोत्यावर बसली आणि म्हणाली, "अवंदा मला जमतंय का न्हाई बघ गे." तिचा गुडघा दोन वर्षं दुखतोय. मुलगा पुण्यात असतो. तो कधीपासून मागं लागलाय, इकडं ये, डॉक्टरला दाखवू. तिला चौऱ्याहत्तरावं वर्ष चाललंय. मी "जा की अक्का, गुडघा बघायला नको का" असं म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं. पण ती गेल्यावर माझी नजर आपोआप वर, वाशांकडं गेली. त्याची मला अजून लाज वाटते.

त्याच संध्याकाळी ह्यांनी विषय काढला. "पत्रा घालूया." हे आमच्याकडचं जुनं भांडण. ह्यांचं म्हणणं चुकीचं नाही. वानरं माळावरून उड्या मारत येतात आणि दरवर्षी पन्नास-साठ कौलं फोडतात. कौलं परतणारी जुनी माणसं राहिली नाहीत. गावातली तरणी पोरं गोव्याला कामाला. एकजण मिळतो, तो मेच्या शेवटी येतो म्हणतो आणि जूनच्या पावसात येतो. पत्रा घातला की वानरं नाहीत, परतणी नाही, धूर नको, आणि अक्काच्या गुडघ्यावर घराचा भारही नको. तिकडून मुलगाही फोनवर तेच बोलला. त्यानं तर स्लॅबचा हिशेबही काढून ठेवलेला.

मी गप्प बसले नाही. पत्र्याखाली एप्रिलची दुपार काढून बघा म्हटलं. पाऊस पत्र्यावर पडायला लागला की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. आणि पत्रा घातला म्हणून ओल थांबते का? भिंती मातीच्या आहेत, त्या जमिनीतून ओल ओढतातच. चूल नाही पेटली तर पत्र्याखालचे वासेही कुजणार, फक्त दिसणार नाहीत. दोन दिवस आम्ही जेवताना एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोललो.

सासूबाईंची या दिवसांत फार आठवण आली. त्या या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा खानापूर तालुका मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो म्हैसूर राज्यात गेला, १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. त्या घर सोडून कुठं गेल्या नाहीत, राज्यच त्यांच्या भोवती बदललं. आयुष्यभर मराठीत सही केली. घरपट्टीची पावती कन्नडात येऊ लागली तेव्हा ती शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यायच्या, आणि नीट घडी घालून चुलीवरच्या फळीवर ठेवायच्या. त्या सगळ्या पावत्या अजून आहेत, धुरानं पिवळ्या पडलेल्या, पण एकीलाही कसर लागलेली नाही. मी ते पुडकं ह्यांच्यापुढं ठेवलं. बोलले काही नाही. हे बराच वेळ एकेक पावती उलगडून बघत बसले.

शेवटी ठरलं ते मधलंच. न्हाणीवर आणि जळणाच्या खोपीवर पत्रा, वानरं तिकडूनच चढतात. घरावर कौलंच. त्यासाठी दोनशे जादा कौलं आणून परड्यात रचून ठेवलीत. खानापूरच्या कारखान्याची जुनीच कौलं मिळाली, एका पडलेल्या घराची.

आणि अक्का? मी तिच्याकडं गेले, ते तिला सोडवायला गेले होते. म्हटलं, किल्ली परत घेते, तू निवांत पुण्याला जा, आम्ही बघू काय ते. ती काजूच्या बिया उन्हात पसरत होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गणपतीपतोर मी कुठं जात न्हाई. पावसात पुण्याला जाऊन काय करू? फ्लॅटात चूल हाय काय?" मग थोडं थांबून, "पर वाकून फुंकायला होत न्हाई आता. पोरीला शिकवायला पायजे."

पोरगी म्हणजे तिची नात, खानापूरला पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला आहे. हुशार आहे. आमचं लाइट बिल, उतारा, सगळं कन्नड तीच वाचून दाखवते. पण तिनं जन्मात चूल पेटवलेली नाही. तिच्या आईच्या हाताखाली गॅसच आला. गेले आठ दिवस संध्याकाळी ती आमच्याकडं येतेय, आणि अक्का पाटावर पाय पसरून बसून तिला शिकवतेय. खाली शेणीचा तुकडा, त्यावर काजूच्या वाळक्या काटक्या, मग नारळाचं सोडण, मग लाकूड. लाकडाचं तोंड थोडं उचललेलं हवं, वारा खालून गेला पाहिजे. पहिल्या दिवशी पोरीनं अर्धी काडेपेटी संपवली आणि डोळे लाल करून बाहेर आली. तिसऱ्या दिवशी तिनं एका काडीत पेटवली. अक्का म्हणाली, "आता वाळकं पेटवलंस. वलं पेटवशील तवा सांगीन." म्हणून काल मुद्दाम दोन लाकडं पाण्यात बुडवून ठेवली होती.

बाकीची कामं रोजच्यासारखी चालूच होती. संकेश्वरी मिरची आणि ब्याडगी अर्धी अर्धी घेऊन, खोबरं, तीळ, धणे भाजून डंकावर चटणी कुटून आणली. तिकडं वर्षाला चार किलो लागते, त्यातली एक मुलाच्या मित्रांत जाते. बेळगावला जाऊन कुंदा घेतला, शहापूरला माझ्या बहिणीकडं जेवून आलो. तिनं बासमतीची पिशवी दिली, येळ्ळूरच्या शिवारातली. बाजारात मिळणाऱ्या लांब दाण्याच्या बासमतीशी याचा काही संबंध नाही. हा दाणा बारीक, आणि भात शिजायला लागला की वासानं शेजाऱ्याला कळतं. माझ्या भाच्यानं काटा आडकवून दोन्ही बॅगा तोलल्या. तेवीसला दोनशे ग्रॅम कमी.

बेळगावात वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांची तयारी चाललेली दिसली. ह्यांची दरवर्षीची हळहळ हीच. उद्यमबागेत असताना मिरवणूक बघायला हे रात्र रात्र उभे असायचे, आणि आता दरवर्षी ती आमच्या जाण्यानंतर आठ-दहा दिवसांनी येते. मला हळहळ वाटते ती करवंदांची. निघताना ती हिरवी असतात. लोणच्याला चालतात, पण पिकलेलं करवंद तोंडात टाकून कितीतरी वर्षं झाली. ओल्या काजूगरांची उसळ तेवढी यंदा पोटभर खाल्ली.

विहिरीजवळ हिवाळाभर एक पिवळ्या पोटाचा करडा धोबी असायचा, शेपटी वरखाली हलवत. तो हिमालयाच्या बाजूनं येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत जातो. तो पंधरा दिवसांपूर्वीच गेला. आम्ही आलो की दुसऱ्या दिवशी मी आधी विहिरीवर तो आलाय का बघते.

चार दिवसांपूर्वी वळीव आला. दुपारी तीनला पूर्वेकडून काळं भरून आलं, वारा सुटला, परड्यातल्या झाडाचे दोन कोवळे फणस खाली आले आणि मग टपोरे थेंब. मातीचा वास आला आणि मी भांडी तशीच टाकून सोप्यात येऊन उभी राहिले. वीस मिनिटंच पडला. पण तेवढ्यात माजघरात देव्हाऱ्याच्या डाव्या बाजूला थेंब गळायला लागला. हे बॅटरी आणि लांब बांबू घेऊन आले, खालून उजेड टाकून सरकलेलं कौल शोधलं आणि बांबूच्या टोकानं हलकेच वर ढकलून जागेवर बसवलं. थेंब थांबला. एकाहत्तराव्या वर्षी माळ्यावर चढायला नको म्हणून मी ह्यांना ओरडत असते, पण त्या क्षणी ह्यांचा चेहरा बघून मी काही बोलले नाही. मान वर करून, बांबू हातात धरून हे तसेच उभे होते, दुसरा थेंब येतो का बघत.

उद्याची कामं लिहून ठेवते. टाकी रिकामी करायची. गॅसचा रेग्युलेटर काढायचा. कुलपांना खोबरेल. पश्चिमेच्या बाजूला ताडपत्री बांधून घ्यायची, माणूस सकाळी येतो म्हणालाय. तसबिरी काढून कपाटात, प्रत्येकीत कडुनिंबाचा पाला. धान्याचा एक दाणा मागं ठेवायचा नाही, नाहीतर उंदीर. फक्त एक डबा ठेवायचा, किलोभर तांदळाचा, घट्ट झाकणाचा. त्यात चार काडेपेट्या खुपसून ठेवते, म्हणजे जुलैत सर्दावत नाहीत. डबा चुलीमागच्या कोनाड्यात उजव्या बाजूला आहे. पोरीला दाखवून ठेवलाय, आणि अक्कालाही.